दोघांचं एक पाकीट लंडनच्या बसमध्ये चालत नाही

फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आहे. वय ६२. यजमान ६७ वर्षांचे, सरकारी खात्यातून निवृत्त. मुलगा आणि सून लंडनला नोकरीला. गणपतीची चवथ आटोपली की दोघं तीन आठवडे त्यांच्याकडे जाणार आहेत आणि परतताना आठवडाभर लिस्बनला थांबणार आहेत. यजमानांच्या वडिलांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालं होतं, म्हणून ते शहर एकदा डोळ्यांनी पाहायचं त्यांच्या मनात आहे. यजमान म्हणतात, कार्डाची भानगड नको, सगळी रोख कमरेच्या पट्ट्यात नेऊ. मुलगा म्हणतो, ‘काही आणू नका, मी आहे ना.’ बोटीवर नोकरी केलेल्या दिरांनी बरीच वर्षं जपून ठेवलेले दोनशे पौंड दिले आहेत, सगळ्या वीसच्या नोटा. बाई लिहितात, ‘चौतीस वर्षं पगार घेतला, शाळेच्या सहलींचा हिशेब मीच ठेवायचे, पण एटीएममध्ये एकटी कधी गेले नाही. कार्ड यांच्याच पाकिटात असतं. सुनेने दिवसा आम्ही दोघांनी फिरावं म्हणून बसचे नंबर लिहून पाठवले आहेत. पण चढताना मशीनला काय लावायचं, चुकलं तर मागची माणसं काय म्हणतील, या विचाराने झोप लागत नाही. बसच्या तिकिटालासुद्धा मुला-सुनेपुढे हात पसरायचा का? कार्ड बरं की रोख, ते एकदा सांगा.’

बाई,

तुम्ही विचारलंत, कार्ड बरं की रोख. त्याचं उत्तर देतेच. पण तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की त्याच्यापाशी मी थांबले: ‘कार्ड यांच्याच पाकिटात असतं.’ तुमच्या सगळ्या काळजीचं मूळ मला तिथे दिसतं. आणि गंमत नव्हे, खरोखरच लंडनच्या बसचा नियम असा आहे की ते एक पाकीट दोघांना पुरत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा लंडनला गेले तेव्हाची गोष्ट सांगते. भुयारी रेल्वेच्या फाटकावर पिवळ्या रंगाचं गोल यंत्र असतं. माझ्या यजमानांनी त्यावर कार्ड टेकवलं, दारं उघडली, ते पलीकडे गेले आणि हात मागे करून तेच कार्ड त्यांनी माझ्याकडे दिलं. आपल्याला ते सरळच वाटतं, घरचं एकच कार्ड. मी टेकवलं. लाल दिवा लागला, दारं मिटलेली. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. तेवढ्यात तिथला कर्मचारी आला, बाजूचं रुंद दार उघडून त्याने मला आत घेतलं आणि शांतपणे म्हणाला, एका माणसाला एक कार्ड. मग त्याने विचारलं, तुमचं कार्ड कुठे आहे? माझं कार्ड पणजीला, कपाटात, बँकेने पाठवलेल्या पाकिटात न उघडता पडलं होतं. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला आजवर लागून राहिलं आहे.

तुमच्या झोपेसाठी एक सांगते. माझ्या मागे रांग होती. कोणी एक शब्द बोललं नाही. माणसं शेजारच्या फाटकाने निघून गेली. असं तिथे दिवसभर कुणाचं ना कुणाचं होत असतं, तिथल्याच माणसांचंही.

आता हे असं का, ते समजून घ्या, म्हणजे भीती अर्धी होईल. ते यंत्र तिकीट देत नाही. ते फक्त तुमच्या कार्डाचा नंबर वाचतं आणि लिहून ठेवतं की या कार्डाचा प्रवास इथून सुरू झाला. उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवलं की प्रवास कुठे संपला ते कळतं आणि त्यावरून भाडं निघतं. एका कार्डावर एका वेळी एकच प्रवास चालू राहू शकतो. म्हणून दोन माणसांना दोन कार्डं. बसमध्ये तर आणखी सोपं: चढताना टेकवायचं, उतरताना नाही. अंतर कितीही असो, बसचं भाडं एकच; २०२२ पासून काही वर्षं ते १.७५ पौंड होतं. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस, तिसरी बस घेतलीत तर वेगळे पैसे नाहीत, फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवायचं. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेपुढे भाडं कापलं जात नाही, तीही मोजणी कार्डागणिक होते. सकाळी एक कार्ड आणि दुपारी दुसरं वापरलं की ही सवलत हातची जाते. मुलगा कदाचित तुमचं कार्ड तुमच्या फोनमध्ये घालून देईल. फोन आणि प्लास्टिकचं कार्ड या यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोनने आत गेलात तर फोननेच बाहेर या.

भुयारी रेल्वेत उतरताना टेकवायला विसरलात तर त्या प्रवासाचं सगळ्यात जास्त भाडं कापतात. बहुतेक ठिकाणी फाटक असतं, त्यामुळे विसरणं शक्यच नसतं. पण काही छोट्या स्थानकांवर, विशेषतः डीएलआर नावाच्या हलक्या रेल्वेवर, फाटक नसतं, नुसतं खांबावर यंत्र बसवलेलं असतं. तिथे आपण माणसं बोलत बोलत बाहेर पडतो. तेवढं ध्यानात ठेवा.

यजमानांच्या कमरेच्या पट्ट्याचं काय? त्यांना सांगा की लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख घेतच नाहीत. ड्रायव्हरपुढे दहा पौंडांची नोट धरली तरी तो घेणार नाही. आपल्याकडे कदंबाच्या बसमध्ये कंडक्टर जागेवर येतो, बेतीच्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही, त्यामुळे प्रवासाचे पैसे देण्याची आपली कल्पनाच वेगळी आहे. यजमानांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. कार्डावरून पैसे गेल्याच्या बातम्या ते रोज वाचतात, त्यांना वाटणारी भीती खरी आहे. पण रोख गेली की गेलीच. हरवलेलं कार्ड बंद करता येतं, हरवलेली नोट बंद करता येत नाही. आणि कायद्याने तरी सगळी रोख नेता येते का? बहुतेक देशांसाठी एका माणसाला एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलर इतक्या किमतीच्याच परकीय नोटा मिळतात, बाकीचे कार्डावर घ्यावे लागतात. परकीय चलन विकत घेताना रुपयांची रोखही ५०,००० च्या आतच चालते, त्यापुढे चेक किंवा बँकेतून रक्कम पाठवावी लागते. घरातली गंगाजळी पिशवीत भरून दुकानात न्यायची म्हणत असतील तर हे आधी सांगून ठेवा.

आता मुलाचं. ‘मी आहे ना’ या वाक्यात तुम्हाला हात पसरणं दिसतं. मला पत्रात दुसरंच काही दिसलं. सुनेने बसचे नंबर लिहून पाठवले आहेत. तुम्ही दोघांनी दिवसा आपापले हिंडावं हे तिने गृहीत धरलं आहे. ज्या सासूने पैशापैशासाठी आपल्याकडे पाहावं असं वाटतं, तिला कोणी बसचे नंबर पाठवत नाही. तुमच्याविषयी त्या घरात जो विश्वास आहे तो तुम्ही स्वतःविषयी कमी ठेवला आहे, इतकंच मला म्हणायचं आहे. चार बसगाड्या भरून मुलं सहलीला नेऊन शेवटच्या रुपयापर्यंत हिशेब आणून देणारी बाई, तिला एक कार्ड एका यंत्राला टेकवणं जड जाऊ नये.

मुलाशी मात्र जाण्याआधीच मोकळं बोला, फोनवर, दोघांनी बसून. ‘मी देतो’ म्हणणाऱ्या मुलाला सगळंच नाकारलं तर त्याला लागतं. त्याला एक गोष्ट द्या करायला. लंडनमध्ये ऑयस्टर नावाचं प्रवासाचं कार्ड मिळतं, २००३ पासून आहे. त्याने तुमच्या दोघांसाठी दोन ऑयस्टर घेऊन ठेवावीत, पहिली भर त्याची. पुढची भर तुम्ही घाला. भुयारी रेल्वेच्या स्थानकावरच्या यंत्रात रोख घालून ऑयस्टर भरता येतं, गल्लीतल्या वर्तमानपत्राच्या बऱ्याच दुकानांतही भरून देतात. यजमानांच्या पट्ट्यातल्या नोटांना तिथे खरा उपयोग आहे. जेवणखाण, घर त्याचं. तुमचं फिरणं, तुमची खरेदी, एखाद्या रविवारी चौघांचं बाहेरचं जेवण तुमचं. असं ठरवून गेलात की रोज दुकानाच्या गल्ल्यावर ‘मी देतो, मी देते’ होणार नाही.

यजमानांना कोणी सांगितलं असेल की साठीवरच्यांना लंडनला प्रवास फुकट, तर ती सवलत तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही.

प्रवासापलीकडच्या खर्चाला काय न्यावं? तुमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांचा मुक्काम महिन्याच्या आत आहे आणि ज्यांना घरच्या बँक खात्याला परदेशात उघडं करायची धास्ती वाटते त्यांना, मी फॉरेक्स कार्ड घ्यायला सांगते. आणि दोघांना एकेक, तुमचं तुमच्या नावाने, तुमच्या पॅनवर, तुमच्या पेन्शनमधून भरलेलं. हे कार्ड आधी पैसे भरून ठेवायचं असतं. पौंडांचा एक कप्पा, युरोचा दुसरा. भरताना जो दर लागला तोच. नंतर दर वर गेला तरी तुमच्या पौंडांना धक्का नाही. चोरीला गेलं तर त्यात भरलेले तेवढेच गेले, तुमच्या पेन्शनच्या खात्याला हात लागत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. कार्डावर रेडिओच्या लहरींसारखी चार वळणदार रेघांची खूण हवी, म्हणजे ते टेकवून चालतं. आणि लिस्बनला जायच्या आधी युरोच्या कप्प्यात पैसे आहेत ना ते बघा, कारण युरोचा खर्च पौंडांच्या कप्प्यातून गेला की अदलाबदलीचं शुल्क बसतं. बऱ्याच ठिकाणी एकाच खात्याची दोन कार्डं देतात, दुसरं अडीअडचणीसाठी. ते दुसरं वेगळ्या पिशवीत ठेवा.

बँकेचं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं तर बहुतेक बँका चलन बदलाचे दोन ते साडेतीन टक्के लावतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी धरलं तर दहा हजारांच्या खरेदीवर ३५० आणि वर ६३, म्हणजे ४१३ रुपये. एखाद्या खरेदीला ठीक, महिनाभराच्या खर्चाला नको. तरी यजमानांचं एक क्रेडिट कार्ड सोबत असू दे, दवाखान्याचा किंवा विमान चुकल्याचा खर्च आला तर. फक्त त्यावरून एटीएममधून पैसे काढू नका, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. आणि ते कार्ड परदेशासाठी इथूनच चालू करून न्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतात. परदेशातला वापर, टेकवून देणं, ऑनलाइन खरेदी हे सगळं आपण वेगवेगळं चालू करायचं असतं. बँकेच्या ॲपमध्ये होतं, शाखेतही करून देतात. मर्यादाही आपणच घालायची.

तुमचं पेन्शनचं कार्ड रुपे असेल तर त्याच्या भरवशावर लंडनच्या फाटकापुढे उभं राहू नका. ऑयस्टर किंवा व्हिसा, मास्टरकार्डचं फॉरेक्स कार्ड हाताशी असू दे. यूपीआयचंही तेच. आपल्याकडे आता पाव विकणारा पोदेरसुद्धा सायकलला क्यूआर लावून येतो, म्हणून वाटतं फोन असला की झालं. यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा देशांत ठरावीक ठिकाणी चालू लागलं आहे. लंडनच्या बसला ते चालत नाही.

चलन घ्यायला पणजीत, म्हापशात, मडगावात परवानाधारक बरेच आहेत. तिथे दर विचारू नका. असं विचारा: मी तुम्हाला पन्नास हजार रुपये दिले तर सगळी शुल्कं, कर धरून माझ्या कार्डावर किती पौंड पडतील? हाच प्रश्न तिघांना विचारा आणि कागदावर लिहून घ्या. तुम्ही शाळेत फळा-खडूंची कोटेशनं मागवत होता त्यातलाच प्रकार. विमानतळावर घेऊ नका, तिथे दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. पावती जपून ठेवा, परत आल्यावर उरलेले पौंड विकताना लागते. वर्षाला दहा लाखांच्या आत परकीय चलन घेतलं तर त्यावर टीसीएस नावाचा आगाऊ कर लागत नाही, तेव्हा त्याची चिंता सोडा.

अंदाज माझा असा: घर मुलाचं असल्याने प्रवास, चहापाणी, किरकोळ मिळून माणशी दिवसाला १५ ते २० पौंड. लिस्बनला हॉटेलचे आधीच भरून, माणशी ५० युरो. दोघांत मिळून दीडशे पौंड आणि दोनशे युरो रोख, सगळ्या पाच, दहा, वीसच्या नोटा. पौंडांची पन्नासची नोट बरीच दुकानं घ्यायला का-कू करतात. उलट लंडनमध्ये कित्येक कॅफेंच्या दारावर ‘फक्त कार्ड’ अशी पाटी असते, त्यामुळे एवढी रोखही कदाचित उरेल.

दिरांनी दिलेल्या नोटांकडे जरा लक्ष द्या. त्यांनी मायेने दिल्या आहेत, म्हणून आधी घरीच पाहून घ्या, तिथल्या गल्ल्यावर कळायला नको. नोट हातात घेऊन बोटांनी चुरगाळून पाहा. कागदासारखी वाटली तर ती आता दुकानात चालत नाही. इंग्लंडमधल्या वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून बाद झाल्या. वीसच्या शेवटच्या कागदी नोटेवर मागच्या बाजूला अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आहे. चालणारी नोट प्लास्टिकची, तिच्यावर चित्रकार टर्नर आणि एक आरपार दिसणारी खिडकी. राणीचा चेहरा आहे म्हणून घाबरू नका. राणीच्या प्लास्टिकच्या नोटा चालतात, राजा चार्ल्सच्याही चालतात. कागदी निघाल्या तरी दोनशे पौंड बुडाले नाहीत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कायम बदलून देते, त्यांना मुदत नाही. कशा द्यायच्या, कुठली ओळखपत्रं लागतात, त्याची चौकशी मुलाला आत्ताच करायला सांगा. आणि जुनी गोल पौंडाची नाणी असतील तर तीही ऑक्टोबर २०१७ पासून दुकानात चालत नाहीत. हल्लीचं नाणं बारा कडांचं आहे.

लिस्बन. इथे यजमानांना पुढे होऊ द्या, त्यांचं गाव आहे ते मनातलं. विमानतळावरूनच मेट्रो सुटते. स्थानकातल्या यंत्रावर इंग्रजी निवडता येतं. तिथे नवेगांत नावाचं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, इथेही माणशी एक. त्यात ‘झॅपिंग’ म्हणून पैसे भरून ठेवता येतात, मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे तेच टेकवायचं, किंवा २४ तासांचं तिकीट भरता येतं. एकाच कार्डात दोन्ही एकदम भरायला जाऊ नका, गोंधळ होतो. मेट्रोतून बाहेर पडतानाही कार्ड लागतं, तेव्हा आत शिरल्यावर पिशवीच्या तळाशी टाकू नका. ट्राममध्ये ड्रायव्हरकडे रोख देऊन तिकीट मिळतं, पण बरंच महाग. लिस्बनजवळच्या सिंत्राला आगगाडीने गेलात तर तिकिटाच्या खिडकीवर यजमानांचा पासपोर्ट दाखवा. पोर्तुगालच्या रेल्वेत ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आहे. तुम्हाला अजून तीन वर्षं थांबावं लागेल.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सगळे घेतात, तुम्हीही घ्याल. तिच्या गर्दीत खिसेकापू असतात हे शहरभर माहीत आहे. पर्स पुढे, हात तिच्यावर. पासपोर्ट आणि दुसरं कार्ड हॉटेलात.

लिस्बनच्या लहान खानावळीत, कॉफीच्या दुकानात काही वेळा तिथल्याच बँकांची कार्डं घेतात, बाहेरची नाही. तिथे सुटे युरो कामाला येतात. पैसे संपले तर निळ्या अक्षरांत ‘एमबी’ लिहिलेलं, बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. हे मी पोळून शिकले आहे. लिस्बनला मी आणि माझी धाकटी बहीण संध्याकाळी घाईत होतो, रस्त्याच्या कोपऱ्यावर रंगीत पाटीचं एक एटीएम दिसलं, शंभर युरो मागितले. पडद्यावर रुपयांचा मोठा आकडा आला आणि त्याखाली हिरवं बटण. दुसरं बटण करडं, लहान. आकडा आपल्या ओळखीच्या रुपयांत दिसल्यावर बरं वाटतं, मी हिरवं दाबलं. रात्री हॉटेलात बहिणीने पेन घेऊन हिशेब केला तेव्हा त्या शंभर युरोंना बाजारभावापेक्षा एका चांगल्या जेवणाइतके जास्त पैसे मोजले होते. ते यंत्र रुपयांचा दर स्वतःच्या सोयीने लावतं. दुकानातही असंच विचारतात, रुपयांत कापू की पौंडांत? बाई, ही एक गोष्ट पाटीवर लिहून पाठ केल्यासारखी करा: ज्या देशात उभे आहात त्याच देशाचं चलन निवडायचं. लंडनला पौंड, लिस्बनला युरो. रुपया दिसला की ‘नको’ दाबायचं. यंत्र दुसऱ्यांदा ‘नक्की?’ विचारतं, तरी नको.

कार्ड हरवलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर वहीत लिहा, मोबाइलमध्ये नव्हे, कारण मोबाइलही त्याच पर्सबरोबर जाऊ शकतो. वहीची एक प्रत मुलाकडे. पिन वहीत लिहू नका. इथलं सिम चालू ठेवा, रोमिंग करून घ्या आणि डेटा बंद ठेवा, म्हणजे बँकेचे संदेश येत राहतील. व्यवहाराचा संदेश आला आणि तो तुमचा नसला तर दिवस मोजू नका, लगेच कळवा.

आमच्या गोव्यातून दुबईला, सिंगापूरला, जपानला मुलांकडे जाणारी पुष्कळ माणसं हे वाचत असतील. तिथल्या कार्डांची नावं निराळी: दुबईत नोल, टोकियोत सुइका किंवा पास्मो. सिंगापूरला व्हिसा-मास्टरकार्डचं कार्ड सरळ टेकवता येतं. पण एका माणसाला एक कार्ड हे या सगळ्या ठिकाणी सारखंच आहे. जपानला जाणाऱ्यांनी रोख जास्त न्यावी. सुइका यंत्रावर भरायला येनच्या नोटा लागतात, आणि लहान देवळांत, जुन्या खानावळींत कार्ड विचारूही नका.

आता तुमचं या आठवड्याचं काम. यजमानांकडून तुमच्या पेन्शन खात्याचं कार्ड मागून घ्या. रागाने नव्हे, ‘लंडनला प्रत्येकाला वेगळं लागतं, मला सवय करायची आहे’ एवढं सांगा, आणि हे खरंच आहे. पहिल्या दिवशी दोघं एटीएमला जा, पण आत तुम्ही, बाहेर ते. पाचशे रुपये काढा, पावती घ्या, शिल्लक वाचा. दुसऱ्या दिवशी एकट्या जा. मग फोंड्यातल्या औषधाच्या दुकानात किंवा सुपरमार्केटात जिथे टेकवायचं यंत्र आहे तिथे काहीतरी घ्या, साबण, बिस्किटं, काहीही. दुकानदार यंत्र पुढे करेल. कार्ड त्यावर घासायचं नाही, आपटायचं नाही, सपाट धरून एक-दोन सेकंद तसंच ठेवायचं. ‘टिक’ असा आवाज येतो. पाच हजारांच्या आत पिनही मागत नाही. पर्समधून एकच कार्ड बाहेर काढायची सवय आत्तापासून लावा. अख्खं पाकीट टेकवलं की यंत्र त्यातलं भलतंच कार्ड वाचतं. आठ-दहा वेळा हे केलंत की लंडनच्या पहिल्या बसला तुमचा हात आपोआप पुढे जाईल.

पहिली बस दोघींनी मिळून घ्या, तुम्ही आणि सूनबाई, शनिवारी सकाळी, गर्दी नसताना. तिला पुढे चढू दे, मागून तुम्ही. यजमानांना दाखवायचं काम सोमवारी तुमचं.

परत यायला निघताना ऑयस्टरमध्ये काही पौंड उरले तर राहू द्या, ते वाया जात नाहीत. फॉरेक्स कार्डातले उरलेले इथे येऊन विका. नोटा उरल्या तर दोन हजार डॉलरांच्या किमतीपर्यंत जवळ ठेवायला परवानगी आहे. तुमचं कार्ड मात्र पुन्हा त्यांच्या पाकिटात देऊ नका. पुढच्या चवथीच्या बाजाराला, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला, ते तुमच्याच पर्समध्ये लागणार आहे.